उदासीनता हेही क्रौर्यच : चेकॉव्हच्या ‘वॉर्ड नंबर सहा’ या दीर्घकथेतील डॉक्टर

१. प्रस्तावना

अंतोन चेकॉव्ह या रशियन लेखकाची ‘वॉर्ड नंबर सहा’ ही दीर्घकथा १८९२ मध्ये ‘रुस्काया मिस्ल’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. रेल्वेपासून दूर असलेल्या एका रशियन गावातील इस्पितळ, त्याच्या आवारातील वेड्यांचा वॉर्ड, तेथे कोंडलेले पाच रुग्ण, त्यांना मारणारा पहारेकरी निकिता आणि वीस वर्षांहून अधिक काळ हे सर्व चालू देणारा डॉक्टर आंद्रेई येफिमिच रागिन एवढीच या कथेची सामग्री आहे. रागिनला एका रुग्णाशी, इव्हान द्मित्रिच ग्रोमोव्हशी, तात्त्विक गप्पा मारण्याची गोडी लागते. त्याचे वॉर्डात जाणे-येणे पाहून गावातील मंडळी त्यालाच वेडा ठरवतात. अखेरीस त्याला त्याच वॉर्डात डांबले जाते. निकिता त्याला मारतो आणि दुसऱ्या दिवशी तो मरतो.

या कथेचे एक वाचन सर्वत्र रूढ आहे. अडाणी, स्वार्थी समाजात एकटा पडलेला विचारवंत आणि त्याला वेडा ठरवणारी व्यवस्था असे त्या वाचनाचे स्वरूप असते. त्यात रागिन हा व्यवस्थेचा बळी ठरतो आणि वाचकाची सहानुभूती सहजच त्याच्याकडे जाते. हे वाचन सर्वस्वी चुकीचे आहे असे म्हणता येणार नाही. मात्र त्यात कथेचा पूर्वार्ध जवळजवळ विसरला जातो. बळी होण्यापूर्वी वीस वर्षे रागिन या व्यवस्थेचा प्रमुख होता. वॉर्डातल्या माणसांच्या दृष्टीने पाहिले तर व्यवस्था म्हणजे तोच.

निकिताचे क्रौर्य आणि रागिनची उदासीनता या कथेत दोन स्वतंत्र गोष्टी म्हणून येत नाहीत, त्या एकाच व्यवहाराचे दोन भाग आहेत, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. स्वतःच्या दुःखाबाबत माणसाने बाळगावयाची तितिक्षा रागिन दुसऱ्यांच्या दुःखाला लावतो, आणि या अदलाबदलीलाच तो तत्त्वज्ञान समजतो. चेकॉव्हची कथा ही अदलाबदल टप्प्याटप्प्याने उघडी करते. ‘उदासीन’ या शब्दाला दोन परस्परविरोधी अर्थच्छटा असलेल्या मराठीच्या वाचकाला हा प्रश्न विशेष जवळचा वाटावा असा आहे.

२. लेखक आणि त्याचा व्यवसाय

चेकॉव्ह (१८६०-१९०४) स्वतः डॉक्टर होता. मॉस्को विद्यापीठातून त्याने १८८४ मध्ये वैद्यकाची पदवी घेतली. १८९० मध्ये सायबेरिया ओलांडून तो साखालिन या बेटावर गेला. जन्मठेपेच्या आणि सक्तमजुरीच्या कैद्यांना तेथे पाठवले जात असे. तेथे सुमारे तीन महिने राहून त्याने घरोघर, बराकीबराकीत फिरून रहिवाशांची कार्डे भरली, तुरुंग आणि इस्पितळे पाहिली. त्यातून सिद्ध झालेला ‘साखालिन बेट’ हा ग्रंथ १८९५ मध्ये पुस्तकरूपाने आला.

या ग्रंथातील एक प्रसंग आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. एका कैद्याला फटक्यांची शिक्षा दिली जाते आणि चेकॉव्ह ती पाहतो. शिक्षेपूर्वी तेथील तरुण डॉक्टर कैद्याची छाती तपासतो. हा माणूस किती फटके सहन करू शकेल, हे त्याला ठरवायचे असते. हा निर्णय तो क्षणार्धात देतो, आणि मग फटके सुरू होतात. येथे वैद्यकाचे ज्ञान क्रौर्याला थांबवीत नाही, उलट त्याला नियमात बसवते. फटके मारणारा वेगळा आणि त्यांना मान्यता देणारा वेगळा, ही ‘वॉर्ड नंबर सहा’मधील कामाची विभागणी साखालिनच्या या प्रसंगात प्रत्यक्ष घडलेली दिसते. कथेच्या अखेरीस रागिनला वॉर्डात सोडून निघताना डॉक्टर खोबोतोव्ह आपण स्टेथोस्कोप आणावयास जात असल्याची बतावणी करतो. साखालिनचा तो प्रसंग लक्षात असलेल्या वाचकाला येथील स्टेथोस्कोपचा उल्लेख निव्वळ योगायोगाचा वाटणार नाही.

कथा प्रसिद्ध झाली त्याच वर्षी चेकॉव्ह मेलिखोवो येथे राहावयास गेला आणि पटकीच्या साथीच्या काळात त्याने आसपासच्या खेड्यांत विनावेतन डॉक्टरकी केली. चेकॉव्हचे चरित्र कथेच्या पुराव्यादाखल वापरावे असा येथे हेतू नाही. परंतु एक व्यक्ती काहीही बदलू शकत नाही, हा रागिनचा सिद्धान्त ज्या लेखकाने लिहिला तो स्वतः त्याच काळात रुग्ण तपासत हिंडत होता, ही वस्तुस्थिती ध्यानात ठेवावयास हवी. १८९४ मधील एका पत्रात, टॉलस्टॉयच्या विचारांचा आपल्यावर सहा-सात वर्षे पगडा होता, पण आता तो ओसरला आहे, असे त्याने लिहिले आहे. दुष्टाव्याला प्रतिकार करू नये या शिकवणीशी ही कथा मनोमन वाद घालते, असे अभ्यासक मानतात ते यामुळेच.

३. निवेदनाची रचना

कथेचा प्रारंभ वॉर्डाच्या वर्णनाने होतो. इस्पितळाच्या आवारात एक लहानशी बैठी इमारत, तिच्याभोवती अंगाची आग करणारी झुडपे आणि रानटी भांग माजलेली, छपराला गंज चढलेला, मागे खिळे ठोकलेले करड्या रंगाचे कुंपण. निवेदक वाचकाला थेट संबोधून, झुडपांची भीती वाटत नसेल तर माझ्याबरोबर या पायवाटेने आत चला, अशा आशयाचे निमंत्रण देतो. दाराशी जुन्या गाद्या, फाटके झगे, निकामी पादत्राणे यांचा कुजका ढीग आहे. त्या ढिगावर निकिता पडून असतो. आत गेल्यावर जमिनीला स्क्रूने जखडलेल्या खाटा, खिडक्यांना आतून लावलेले गज आणि जनावरांच्या खुराड्यात आल्यासारखा वास.

येथे निवेदक ‘मी’ म्हणून बोलतो. ग्रोमोव्हचा चेहरा आपल्याला आवडतो, असेही तो सांगतो. रुग्णांची ओळख तो एकेक करून देतो. टोप्यांचा कारखाना जळाल्यावर वेडा झालेला मोइसेइका हा ज्यू इतरांना पाणी देतो, त्यांच्या अंगावर पांघरूण घालतो. तो गावात भीक मागून आणतो ते सारे निकिता काढून घेतो. दुसरा एक स्थूल शेतकरी इतका जड झाला आहे की निकिताच्या माराला तो आवाजाने वा हालचालीने कोणताही प्रतिसाद देत नाही. मारापेक्षाही हे प्रतिसाद न देणे भयंकर आहे, असे निवेदक नोंदवतो. या नोंदीचे महत्त्व पुढे ग्रोमोव्ह आणि रागिन यांच्या वादात कळते.

यानंतर रागिनची कथा सुरू होते आणि ‘मी’ हळूहळू नाहीसा होतो. निवेदन रागिनच्या मनाच्या जवळ सरकते. त्याचे युक्तिवाद वाचकाला त्याच्याच सुसंस्कृत, थकलेल्या लयीत ऐकू येतात आणि ते काही काळ पटूही लागतात. चेकॉव्हने येथे योजलेला क्रम महत्त्वाचा आहे. वाचक वॉर्ड आधी पाहतो आणि तत्त्वज्ञान नंतर ऐकतो. क्रम उलटा असता तर वॉर्ड हे तत्त्वज्ञानाचे एक उदाहरण झाले असते. प्रत्यक्षात रागिन बोलत असताना तो दुर्गंध वाचकाच्या नाकात आधीपासूनच असतो. रागिनचे म्हणणे पटू लागताच आपण काय विसरलो, असा प्रश्न वाचकाला स्वतःला विचारावा लागतो.

४. ज्ञान, सौजन्य आणि सही

रागिन दुष्ट नाही. तरुणपणी त्याला धर्मशास्त्राच्या अभ्यासाकडे वळावयाचे होते, वडिलांच्या आग्रहाने तो डॉक्टर झाला. देहाने आडदांड, पण चाल हलकी आणि आवाज मृदू असा हा माणूस आहे. तो पगाराचा निम्मा भाग पुस्तकांवर खर्च करतो, त्याच्या सहा खोल्यांपैकी तीन पुस्तकांनी भरलेल्या आहेत. सायंकाळी तो वाचत बसतो. शेजारी व्होडकाची सुरई आणि खारवलेली काकडी असते. वैद्यकाचे एकच नियतकालिक तो घेतो आणि तेही शेवटच्या पानापासून वाचतो.

इस्पितळात तो रुजू झाला तेव्हाची स्थिती चेकॉव्हने तपशिलाने दिली आहे. वॉर्डांत रुग्णांबरोबरच नोकर आणि त्यांची मुले झोपत. झुरळे, ढेकूण आणि उंदीर यांनी जगणे अशक्य केले होते. शस्त्रक्रियेच्या विभागातून धावरे हा रोग कधी हटत नसे. साऱ्या इस्पितळात दोनच शस्त्रे होती, तापमापक एकही नव्हता आणि स्नानाच्या टबांत बटाटे साठवलेले असत. ही संस्था अनैतिक आहे आणि ती बंद करणे हेच शहाणपणाचे, असा निष्कर्ष रागिनने तेव्हाच काढला होता. पण त्यासाठी आपली एकट्याची इच्छा पुरेशी नाही, असे ठरवून त्याने नोकरांना वॉर्डात झोपू नये अशी विनंती केली आणि उपकरणांची दोन कपाटे आणवली. बाकी सर्व पूर्ववत राहिले.

रागिनजवळ ज्ञानाची उणीव नाही, हा येथील महत्त्वाचा मुद्दा आहे. मनोरुग्णांच्या डोक्यावर थंड पाणी ओतण्याचे दिवस गेले, त्यांना बांधून ठेवले जात नाही, त्यांच्यासाठी नाटके आणि नृत्याचे कार्यक्रमही होतात, हे त्याने वाचलेले आहे. आपला वॉर्ड त्या काळाच्या मानानेही लाजिरवाणा आहे, हे तो स्वतःशी कबूल करतो. परंतु या कबुलीतून कृती निघत नाही. जंतुनाशके आली, पाश्चर आणि कॉख आले, तरी रोग आणि मृत्यू तसेच राहिले, मग चांगल्या आणि वाईट इस्पितळात फरक तो कोणता, असा पुढचा विचार तो करतो. आकडेमोडही त्याच्या मदतीला येते. वर्षाला १२,००० रुग्ण तपासले म्हणजे १२,००० माणसांना फसवले. पहिली काही वर्षे खऱ्या कष्टाने काम केलेल्या माणसाचा हा कंटाळा आहे, म्हणून तो खराही वाटतो. पण कंटाळ्याचे रूपांतर तो सिद्धान्तात करतो, आणि येथे त्याची वाट चुकते.

रागिनच्या सौजन्याचे चित्रण तर या कथेतील सर्वांत सूक्ष्म भाग म्हणावा लागेल. त्याला आज्ञा देता येत नाही. स्वयंपाकीण दार्युश्का हिला जेवण वाढ म्हणणेही त्याला जड जाते. तो खाकरतो आणि अनिश्चित स्वरात काहीतरी सुचवतो. चोर व्यवस्थापकाला काढून टाकणे त्याच्या शक्तीबाहेरचे आहे. खोटा हिशेब सहीसाठी पुढे आला की तो लाजेने लाल होतो आणि सही करतो. उपाशी ठेवल्याची तक्रार रुग्णाने केली की तो ओशाळून, काहीतरी गैरसमज झाला असावा, नंतर बघतो, असे पुटपुटतो. ही लाज खोटी नाही. मात्र ती कधी सहीपर्यंत पोहोचत नाही. लाजेने लाल होणे हा जणू सही करण्याच्या विधीचाच भाग होऊन बसला आहे.

मोइसेइकाच्या बुटांचा प्रसंग याच दृष्टीने पाहावा. बर्फ वितळण्याच्या दिवसांत मोइसेइका अनवाणी पायांत नुसते वरचे जोडे घालून भीक मागून परततो. रागिनला दया आणि किळस एकदम वाटते. तो त्याच्यामागून वॉर्डाच्या दाराशी जातो. निकिता ढिगावरून उठून ताठ उभा राहतो. याला बूट दिले तर बरे, नाहीतर सर्दी होईल, असे रागिन सुचवतो. व्यवस्थापकांना सांगतो, असे उत्तर निकिता देतो. त्या बुटांचे पुढे काय झाले हे कथेत कोठेही येत नाही. ज्या हाताने मोइसेइकाची भीक रोज काढून घेतली जाते, त्याच हातावर रागिनने आपली करुणा सोपवलेली असते.

निकिताचे चित्रणही येथे आठवावयास हवे. तो विकृत आनंदासाठी मारत नाही. सुव्यवस्थेवर त्याची निस्सीम श्रद्धा आहे आणि मारल्याशिवाय सुव्यवस्था राहणार नाही असे त्याला प्रामाणिकपणे वाटते. ही सुव्यवस्था कोणाची? ती इस्पितळाची आहे, आणि इस्पितळाचा प्रमुख रागिन आहे. रागिनने मारण्याची आज्ञा कधी दिली नाही, न मारण्याचीही दिली नाही. त्याच्या मौनाचा अर्थ निकिताने आपल्या परीने लावला आणि वीस वर्षांत तो चुकीचा आहे असे त्याला कोणी सांगितले नाही.

५. ग्रोमोव्हचा प्रतिवाद

ग्रोमोव्ह हा पूर्वी न्यायालयात बेलिफ होता. बेड्या घातलेले कैदी रस्त्यात पाहून, आपणही निरपराध असताना असेच पकडले जाऊ, या भयाने त्याला ग्रासले आणि त्यातून त्याचा आजार वाढला. आजाराच्या प्रारंभी त्याच्या मनात येणारा एक विचार साऱ्या कथेची किल्ली आहे. दुसऱ्यांच्या दुःखाशी ज्यांचा नोकरीपुरता संबंध येतो, असे न्यायाधीश, पोलीस आणि डॉक्टर सवयीने इतके निबर होतात की त्यांची इच्छा असली तरी त्यांना माणसाशी औपचारिकतेपलीकडे वागता येत नाही. परसात मेंढ्या कापणाऱ्या शेतकऱ्याला रक्त दिसेनासे होते, तसे त्यांचे होते. या विचाराला कथेत वेडाचा आरंभ म्हटले आहे. पण पुढील प्रत्येक प्रसंग तो खरा ठरवतो. भ्रमिष्ट माणसाच्या तोंडी कथेतील सर्वांत शहाणे निदान घालण्यात चेकॉव्हचा उपरोध आहे.

वादाच्या पहिल्याच प्रसंगी ग्रोमोव्ह विचारतो की आम्ही आत आणि तुम्ही बाहेर, हे कोणत्या न्यायाने? रागिन मान्य करतो की यात नीती नाही आणि तर्कही नाही, केवळ योगायोग आहे. तुरुंग आणि वेड्यांची इस्पितळे अस्तित्वात आहेत तोवर कोणीतरी त्यांत असणारच, असेही तो म्हणतो. या बोलण्याच्या घडणीकडे लक्ष द्यावे. त्यात कर्ता नाही. इस्पितळे असतात, माणसे त्यांत असतात. कोण कोणाला आत ठेवतो हे वाक्यातूनच गळून पडले आहे. रोज सही करणाऱ्या माणसाला अशी कर्ताविरहित भाषा सोयीची असते.

पुढे रागिन आपला मुख्य सिद्धान्त मांडतो. उबदार अभ्यासिका आणि हा वॉर्ड यांत फरक नाही, माणसाची शांती त्याच्या आतच असते. आधाराला तो डायोजिनिस आणि मार्कस ऑरेलियस यांना उभे करतो. ग्रोमोव्हचे उत्तर तीन पायऱ्यांनी येते. पहिली पायरी भौतिक आहे. डायोजिनिस ग्रीसच्या उबेत राहत होता, रशियाच्या थंडीत त्याला पिंप पुरले नसते. दुसरी पायरी जीवशास्त्रीय आहे. वेदनेला किंकाळीने, नीचपणाला संतापाने, घाणीला किळसेने उत्तर देणे म्हणजेच जिवंत असणे. जीव जितका खालच्या पातळीचा तितका त्याचा प्रतिसाद मंद. येथे वाचकाला तो मार खाऊनही न हलणारा स्थूल शेतकरी आठवतो. रागिन ज्याला ऋषीची अवस्था म्हणतो ती या वॉर्डात आधीपासून आहे, आणि ती माणसाची झालेली सर्वांत मोठी हानी आहे.

तिसरी पायरी व्यक्तिगत आहे. तुम्हाला कधी कोणी मारले आहे काय, असे ग्रोमोव्ह विचारतो. त्याला स्वतःला बापाने निर्दयपणे मारलेले आहे. रागिनच्या आईवडिलांना मारणे मान्य नव्हते. मग ग्रोमोव्ह हिशेब मांडतो. फुकट घर, सरपण, दिवाबत्ती, नोकर आणि वाटेल तेवढे वा काहीच काम न करण्याची मुभा. अशा माणसाला हे तत्त्वज्ञान फार सोयीचे असते, कारण काही करावे लागत नाही, मन स्वच्छ राहते आणि आपण ज्ञानी आहोत असे समाधान मिळते. हा आरोप कठोर आहे. नियमित पगार, वाचनाची आवड आणि चर्चेची हौस असलेल्या कोणाही वाचकाला, त्यात आपण अध्यापकही आलो, तो सहज टाळता येणार नाही.

रागिन या हल्ल्याने दुखावत नाही, उलट खूश होतो. बऱ्याच वर्षांनी बोलण्यासारखा माणूस भेटला, असे त्याला वाटते. ग्रोमोव्हची किंकाळी त्याच्या लेखी एक रोचक मत ठरते. रुग्णाला तो रोज भेटतो, पण त्याची चादर बदलत नाही, निकिताला तंबी देत नाही. संवाद हीसुद्धा उदासीनतेची एक रीत होऊ शकते, हे चेकॉव्हने येथे दाखवले आहे.

६. ‘उदासीन’ या शब्दाचे दोन अर्थ

मराठी वाचकाची येथे एक विशेष अडचण होते. रागिनची भाषा त्याला ओळखीची वाटते. सुखदुःख समान मानणे, शांती आत शोधणे, बाह्य परिस्थितीला महत्त्व न देणे हे सारे आपल्या परंपरेतील आदर्शांसारखे ऐकू येते. त्यामुळे रागिनला स्थितप्रज्ञाच्या रांगेत बसवण्याचा मोह होतो.

‘उदासीन’ हा शब्द मुळात वर किंवा बाजूला बसलेला असा अर्थ देतो. आजच्या मराठीत प्रशासन उदासीन आहे असे आपण म्हणतो तेव्हा तो दोष असतो. गीतेत मात्र तो गुणवाचक आहे. बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणे सांगताना तो येतो आणि चौदाव्या अध्यायात गुणातीताच्या वर्णनातही येतो. परंतु बाराव्या अध्यायात तो कोणत्या शब्दांच्या सोबतीने येतो हे पाहावयास हवे. त्याच श्लोकात ‘शुचि’ आणि ‘दक्ष’ हे शब्द आहेत, आणि लक्षणांच्या या मालिकेची सुरुवातच भूतमात्रांविषयी मैत्री आणि करुणा यांनी होते. म्हणजे येथील उदासीन मनुष्य स्वतःच्या लाभहानीविषयी उदासीन आहे, इतरांविषयी करुण आहे आणि कामात दक्ष आहे. रागिनच्या ठिकाणी ‘उदासीन’ तेवढा उरला आहे, ‘शुचि’ आणि ‘दक्ष’ गळाले आहेत. त्याचे इस्पितळ शुचि नाही आणि तो दक्ष नाही.

रागिन ज्यांचे दाखले देतो त्या स्टोइक विचारवंतांबाबतही हेच म्हणता येईल. मार्कस ऑरेलियस हा रोमचा सम्राट होता. त्याने आयुष्याची अनेक वर्षे सीमेवरील युद्धांत आणि राज्याच्या कामात घालवली. त्याने धैर्याचे पाठ गिरवले ते स्वतःच्या वेदनेसाठी, आणि समाजाप्रती कर्तव्य हा त्याच्या विचाराचा दुसरा अर्धा भाग होता. रागिन तो अर्धा भाग सोडून देतो. स्वतःच्या पायातील काटा सहन करणे ही तितिक्षा होय. दुसऱ्याच्या पायातील काटा शांत चित्ताने पाहत राहणे याला तितिक्षा म्हणता येणार नाही. दोन्ही प्रसंगी चेहरा सारखाच शांत दिसतो, म्हणून फसगत होते.

रागिनची शांती त्याच्या स्वतःच्या बाबतीत तरी टिकते काय? कथेचे उत्तर नकारार्थी आहे, आणि ते मार खाण्याच्या पुष्कळ आधी येते. समितीपुढे त्याला आजची तारीख आणि वर्षाचे दिवस विचारले जातात तेव्हा तो अपमानाने व्यथित होतो. पोस्टमास्तर मिखाइल अव्हेर्यानिचबरोबरच्या प्रवासात मित्राची बडबड त्याला इतकी असह्य होते की तो भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. साठवलेले १,००० रूबल त्या प्रवासात संपतात, नोकरी निवृत्तिवेतनाविना जाते, आणि एके दिवशी ब्रोमाइडच्या बाटल्या घेऊन येणाऱ्या खोबोतोव्हला आणि पोस्टमास्तरला तो ओरडून हाकलून देतो. अभ्यासिका सुटताच तत्त्वज्ञान सुटते. वॉर्ड आणि अभ्यासिका यांत फरक नाही असे तो अभ्यासिकेच्या भरवशावरच म्हणत होता.

७. अखेरची रात्र

खोबोतोव्ह सल्लामसलतीच्या मिषाने रागिनला वॉर्डात नेतो आणि निघून जातो. निकिता इस्पितळाचे कपडे घेऊन येतो. रागिन कपडे बदलतो आणि कोट काय, झगा काय, सारखेच, अशी स्वतःची समजूत घालतो. झग्याला धुरी दिलेल्या माशाचा वास येत असतो. खिडकीतून चंद्र, तुरुंग, कुंपणाचे खिळे आणि दूरवरच्या हाडे जाळण्याच्या कारखान्याची ज्वाळा दिसते. त्याला प्रथमच भीती वाटते.

तो निकिताकडे बाहेर सोडण्याची याचना करतो, आणि ती फोल ठरल्यावर दार उघडण्याची आज्ञा देतो. ज्याला जेवण वाढ म्हणता येत नव्हते, त्या माणसाने दिलेली ही जवळजवळ पहिली आज्ञा आहे. वीस वर्षांत ती केव्हाही दिली असती तर निकिता ताठ उभा राहून ऐकता. आता ती ऐकणारे कोणी नाही. निकिता त्याला मारतो.

अंधारात पडल्यावर रागिनला कळते की हीच वेदना या माणसांनी वर्षानुवर्षे, दिवसामागून दिवस भोगली असणार. आपल्याला हे माहीत नव्हते आणि माहीत करून घ्यावयाचेही नव्हते, हे त्याच्या लक्षात येते. चेकॉव्ह येथे त्याच्या सदसद्विवेकाला निकिताची उपमा देतो. तो तितकाच राकट आणि तितकाच न ऐकणारा आहे. वीस वर्षे रागिनने ज्याला दाराबाहेर बसवले होते तो निकिता आता त्याच्या आत शिरला आहे, असा या उपमेचा अर्थ घेता येईल. त्याला ओरडावेसे वाटते, पण आवाज फुटत नाही.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी तो मेंदूतील रक्तस्रावाने मरतो. शेवटच्या क्षणी त्याला आदल्या दिवशी पुस्तकात वाचलेल्या सुंदर हरणांचा कळप दिसतो आणि मग एक खेडूत स्त्री त्याच्याकडे रजिस्टर पत्र असलेला हात पुढे करते. एक प्रतिमा पुस्तकातली आहे, दुसरी काहीतरी मागत वा देत असलेल्या सामान्य माणसाची आहे. पहिली सुंदर आहे, दुसरी अपुरी राहते. त्याच्या अंत्ययात्रेला पोस्टमास्तर आणि दार्युश्का अशी दोनच माणसे असतात. मोइसेइका, ग्रोमोव्ह आणि बाकीचे रुग्ण वॉर्डातच राहतात. रागिनच्या जाणिवेचा त्यांना काहीही उपयोग होत नाही, हे कथेतील सर्वांत कटू सत्य आहे.

८. रूपकात्मक वाचनाची मर्यादा

या वॉर्डात सारा रशिया आहे, असे तत्कालीन लेखक लेस्कॉव्ह याने म्हटल्याची नोंद आहे. तरुण लेनिनला कथा वाचून आपणच त्या वॉर्डात कोंडलो गेल्याचे वाटले, अशी आठवण त्याच्या बहिणीने सांगितली आहे. झारच्या राजवटीचे रूपक म्हणून ही कथा वाचण्याची परंपरा त्यातून पक्की झाली. ते वाचन ऐतिहासिकदृष्ट्या योग्य आहे, तथापि त्यात एक धोका आहे. वॉर्ड म्हणजे रशिया असे म्हटले की वॉर्ड वॉर्ड राहत नाही. खाटेला खिळलेला तो शेतकरी प्रतीक होतो आणि प्रतीकाला चादर बदलून द्यावी लागत नाही. रागिननेही हेच केले होते. प्रत्येक विशिष्ट दुःखाचे त्याने सामान्य विधानात रूपांतर केले.

म्हणून ही कथा प्रथम एका मनोरुग्णालयाची कथा म्हणून वाचली पाहिजे. आपल्या देशात ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे लागलेल्या आगीत २८ मनोरुग्ण साखळदंडांनी बांधलेले असल्यामुळे जळून मरण पावले. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आणि क्रूर, अमानवी वागणुकीपासून संरक्षण हा त्याचा हक्क मानला. कायदा निकिताच्या मुठीला हात घालू शकतो. लाजेने लाल होऊन केलेली सही मात्र कागदावर नियमानुसार असते, तिला कायद्याने पकडणे अवघड असते. तेथे साहित्याचे काम सुरू होते.

९. समारोप

‘वॉर्ड नंबर सहा’मधील रागिन हा दुष्ट माणसांच्या हाती सापडलेला सज्जन आहे, हे अर्धेच सत्य आहे. त्याचे सौजन्य, वाचन आणि लाज खरे आहे. या सर्वांसह तो वीस वर्षे क्रौर्याचा प्रमुख होता, हेही तितकेच खरे आहे. चेकॉव्ह त्याचा तिरस्कार करीत नाही आणि त्याला माफीही देत नाही. पहारेकरी, व्यवस्थापक आणि वैद्यकीय साहाय्यक या कथेत जेथे होते तेथेच राहतात. बदलतो तो केवळ रागिन, आणि त्यासाठी त्याला स्वतः मार खावा लागतो. दुसऱ्याची वेदना समजण्यासाठी ती स्वतःच्या अंगावर येण्याची वाट पाहावी लागू नये, हे कथेत कोणीही बोलून दाखवत नाही. परंतु झुडपांतून जाणाऱ्या त्या पायवाटेने निवेदक वाचकाला प्रथमच वॉर्डात नेतो. रागिनच्या घरापासून तो वॉर्ड आवार ओलांडण्याइतकाच दूर होता.